तिसरीची वजाबाकी: काड्यांचे गठ्ठे कधी बाजूला ठेवायचे?

सातपुडा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र.

५२ − २७ फळ्यावर मांडलं की वर्गातली बहुतेक मुलं २५ काढतात. दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक घेतला, बारा झाले, बारातून सात गेले पाच. अगदी तालात. परवा एका मुलीला मध्येच थांबवून विचारलं, "शेजारून घेतलास तो एक म्हणजे किती काड्या?" ती म्हणाली, "एक." मी म्हटलं, "दोन आणि एक तीन होतात, मग तुझे बारा कसे झाले?" तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, तो दोनाच्या अलीकडे लिहायचा असतो."

लिहायचा तिथेच असतो, हे खरंच. पण तिच्या लेखी तिथे दहा काड्या नाहीत, नुसती एक उभी रेघ आहे. वर्गात आणखी चौघा-पाचजणांना विचारलं, तीच गत.

दुसरीत या मुलांनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधलेत. तिसरीत आलं की संख्या शेकड्यांत जातात, पुस्तक पुढे पळतं आणि काड्यांचा डबा कपाटात जातो. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय काढला तर अर्ध्या लोकांचं म्हणणं, काड्या ठेवल्या की मुलं त्यांच्यावरच अवलंबून राहतात. बाकीचे म्हणाले, काढूच नका. माझा प्रश्न साधा आहे. काड्या नेमक्या कधी बाजूला ठेवायच्या? मूल तयार झालं हे कशावरून ओळखायचं? आणि शेकडा आला की काड्यांचं करायचं काय?

---

जळगावकर_अभि

सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्हाला कोणी काड्या दिल्या होत्या? तीसपर्यंत पाढे पाठ, रोज पाटीभर उदाहरणं, चुकलं की परत. आज मी बांधकामाची मापं आणि अंदाजपत्रकं करतो, कुठे अडलं नाही. मुलगी बरोबर उत्तर काढतेय ना? मग तिला पुढे जाऊ द्या. समज मागून येते. पुढे शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षेत घड्याळ लावून गणितं सोडवायची असतात, तिथे काड्या कोण देणार?

---

पारोळ्याची_लेक

अभिदादा, समज मागून येते ती काहींची. ज्यांची येत नाही ती मुलं पाचवीत ४०००३ वाचायची वेळ आली की गप्प बसतात, आणि तेव्हा कोणी म्हणत नाही की घोडं तिसरीत अडलं होतं.

मी दुसरीला शिकवते. सर, तुमच्या त्या मुलीसारखं उत्तर नवीन नाही. कॉन्स्टन्स कामी या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी लहान मुलांसमोर सोळा वस्तू ठेवून, कागदावर १६ लिहून विचारलं होतं की यातला ६ म्हणजे कुठल्या वस्तू आणि १ म्हणजे कुठल्या. सहा वस्तू मुलं बरोबर दाखवत, आणि १ साठी बरीच मुलं एकच वस्तू उचलून दाखवत. उरलेल्या नऊ तशाच पडलेल्या, त्याचं मुलांना काही वाटत नसे. तुम्ही हे चिंचोके घेऊन करून बघा, पाच मिनिटांत वर्ग कुठे आहे ते कळेल. मी दर वर्षी जूनमध्ये करते.

गठ्ठे बांधलेत म्हणता, पण कोणी बांधले? बऱ्याच शाळांत गठ्ठे बाईंनीच बांधून ठेवलेले असतात आणि मुलं ते नुसते उचलतात. तयार गठ्ठा मुलाला एकच वस्तू वाटते. मी खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर देते. मोजायचं, दहा झाल्या की स्वतः बांधायचं. वजाबाकीत रबर स्वतः काढायचा आणि दहा काड्या सुट्यांत मिसळायच्या. रबर काढताना काड्या घरंगळतात, मुलं त्या गोळा करतात, काही जण परत मोजतात. मोजू द्यायच्या. दहा सुट्या आणि एक दशक हे एकाच वेळी तेच आहे, ही गोष्ट सांगून कळत नाही.

---

केळीवाला_रावेर

मास्तर, मी शिक्षक नाही, शेतकरी. एका शाळेत केळीच्या घडावरून दशक शिकवताना बघितलं म्हणून सांगतो. तसं नका करू भाऊ! घडाच्या वरच्या फणीत केळी जास्त, खालच्या फणीत कमी. पोरगं मोजून दमलं. आणि बाजारात गेलं तर केळी डझनाने, म्हणजे हातचा बारावर.

---

तापीकाठ

अंड्यांचा ट्रे आणा मग. तीसचा हातचा!

---

पारोळ्याची_लेक

@केळीवाला_रावेर, हसण्यावारी नेऊ नका, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेतात आपोआप दहाचं असं काही येत नाही. दहाला थांबायचं हे माणसांनी ठरवलेलं आहे, म्हणून दहा मुलाने मुद्दाम करायला लागतो.

---

गिरणाकाठची

मी भडगावची, पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा तिसरीत आहे. सरांनी दिलेलंच उदाहरण त्याला आत्ता घातलं आणि उत्तर आलं १५. चारदा घातलं तरी १५. मांडणी बघितली तर त्याने ५ खोडून वर ४ केलाय, २ चे १२ केलेत, तिथपर्यंत बरोबर. मग खालच्या २७ मधल्या २ शेजारी बारीक १ लिहिलाय, त्याचे ३ केलेत आणि चारातून तीन गेले एक. विचारलं, "हा खालचा १ कुठून आणलास?" तर म्हणे, "तो आजोबांचा आहे."

सासरे संध्याकाळी त्याचा अभ्यास घेतात. ते म्हणतात त्यांची रीत बरोबर आहे, शाळा म्हणते शाळेची बरोबर. आता मी काय सांगू त्याला?

---

निवृत्त_गुरुजी

गिरणाकाठच्या ताई, तुमचे सासरेही बरोबर आहेत आणि शाळाही. पोराच्या वहीत दोन्ही रीती एकाच वेळी शिरल्या आहेत, एवढंच झालंय. आमच्या पिढीला वजाबाकी अशी शिकवली: दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. वरचा ५ आम्ही कधी खोडत नव्हतो.

यामागचं कारण सांगतो, कारण आम्हालाही ते शाळेत सांगितलं नव्हतं, मला ते डी.एड.ला कळलं. दोन संख्यांमधला फरक काढायचा असेल तर दोन्हींत सारखंच मिळवलं तरी फरक बदलत नाही. बापाचं वय आणि लेकाचं वय यातला फरक दहा वर्षांनीही तोच राहतो. म्हणून वरच्या ५२ मध्ये दहा मिळवले, ते एककाच्या घरात: ५ दशक आणि १२ एकक. खालच्या २७ मध्येही दहाच मिळवले, पण दशकाच्या घरात: ३ दशक आणि ७ एकक. आता ६२ वजा ३७ करा, २५ च येतात. तो खालचा बारीक १ म्हणजे हे दहा.

शाळेची आजची रीत वेगळी आहे. त्यात काहीच मिळवत नाहीत. ५२ तेवढेच राहतात, फक्त त्यातला एक गठ्ठा सोडतात: ४ दशक आणि १२ एकक. काड्यांनी हीच रीत दाखवता येते, कारण काड्या कमी-जास्त होत नाहीत. आमची रीत काड्यांनी दाखवायला गेलं तर जास्तीच्या वीस काड्या आणायला लागतील आणि पोर विचारेल की या कुठून आल्या. तिसरीला काड्यांची रीतच धरावी असं माझं मत. आजोबांना सांगा, चौथी-पाचवीत त्याला तुमची रीत कारणासकट शिकवा. तोवर त्याला गठ्ठा सोडायला लावा आणि खालच्या आकड्याला हात लावू देऊ नका.

---

गिरणाकाठची

गुरुजी, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. वयांचं उदाहरण त्यांना फार आवडलं. "पन्नास वर्षं करतोय, आज समजलं त्याचं काय होतं ते," म्हणाले. आता तेच काड्या घेऊन बसलेत.

---

जळगावकर_अभि

गुरुजी, खालचा हातचा मीही आयुष्यभर तसाच घेत आलोय, त्याचा अर्थ आज वाचला. मान्य. तरी माझा मुद्दा सोडत नाही. बारातून सात गेले किती, हे ज्याला बोटांवर मोजायला लागतं त्याची सगळी शक्ती त्यातच जाते, गठ्ठ्याचा विचार कधी करणार? वीसच्या आतल्या बेरजा-वजाबाक्या आणि पाढे तोंडावर हवेतच. आजकालच्या शाळांत पाठांतराचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात.

---

पारोळ्याची_लेक

यात भांडण नाहीच दादा. वीसच्या आतलं तोंडपाठ हवं, रोज हवं. फक्त "एक दोनाच्या अलीकडे लिहायचा" हे पाठ व्हायला नको.

---

अक्राणीचा_वाटसरू

मी धडगाव तालुक्यात शिकवतो. मुलं घरी पावरी बोलतात, पहिलीला येतात तेव्हा मराठी कानाला नवी असते. मी पहिलीत दहापर्यंतची मोजणी त्यांच्या बोलीतच घेतो, त्यांच्याकडूनच शिकलो. "एकोणतीस" कानावर पडून मूल घाबरण्याआधी त्याच्या हातात दोन गठ्ठे आणि नऊ काड्या असल्या की भाषा आडवी येत नाही. नाव मागाहून लागतं.

काड्या कधी काढायच्या, यावर आमच्याकडचं एक वास्तव. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. वर्गात हातच्याची वजाबाकी चालते तेव्हा ही मुलं फडात असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतात तेव्हा वर्ग भागाकारावर असतो. "तिसरीत काड्या बंद" असं इयत्तेनुसार ठरवलं तर याच मुलांच्या हातून काड्या सगळ्यात आधी जातात. माझ्या वर्गात डबा खिडकीत उघडा असतो. चौथीतलं पोरही लागलं तर उठून घेतं, कोणी हसत नाही, हसू देत नाही.

ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या "असर" पाहणीत दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार विचारतात. सातपुडा सरांच्या वर्गातली ती मुलगी तिथे वजाबाकीत पास होईल. म्हणून उत्तर बघून वर्गाबद्दल निश्चिंत होऊ नये, असं मला फार वाटतं.

---

पांझरा_धुळे

एकोणतीसचा विषय निघालाच आहे तर, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता आठवतो का? एकवीस-बावीसला "वीस एक, वीस दोन" म्हणण्यावरून विधानसभेपर्यंत गेलं होतं. आमच्या घरी वडिलांनी वर्तमानपत्र आपटलं होतं.

---

पारोळ्याची_लेक

आठवतो ना. विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. बावीस-तेवीस काढून टाकलं अशी आवई उठली, पण पुस्तकात दोन्ही होतं. मी तेव्हाही दुसरीलाच होते. माझा अनुभव असा की ज्या मुलांना पंचवीस ऐकून ५२ लिहायची सवय होती त्यांना "वीस पाच"चा आधार चांगला झाला. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, मुलाला उलटं करून लिहायला लागतं. कानडी-तेलुगू मुलांना हे करावं लागत नाही, त्यांच्यात वीस आधी. शिवाय आपल्याकडे एकोणीस ते एकोणनव्वद सगळे पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. एकोणऐंशी ऐकलं की मूल ८ लिहायला घेतं, यात त्याचा काय दोष? माझ्या वर्गात आजही आधी "सत्तर नऊ" आणि लगेच "एकोणऐंशी", दोन्ही म्हणायचं.

---

पांझरा_धुळे

मला नाही पटत ताई. बाजारात कोणी सत्तर नऊ म्हणत नाही. मूल शेवटी एकोणऐंशीच ऐकणार, मग एक नाव जास्तीचं कशाला? घरी-दारी ऐकून येतंच की. माझ्या दोन्ही मुली तशाच शिकल्या.

---

पारोळ्याची_लेक

तुमच्या घरी आकडे रोज कानावर पडतात, म्हणून आलं. ज्या घरात पडत नाहीत त्यांच्यासाठी आहे ते. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, राहू द्या.

---

आजीचा_नातू

मन्ही आजी शंभरपर्यंत कधी मोजेच ना. ईसवर मोजे. कवड्या, शेण्या, काय बी. "तीन ईसा न धा शेतस" म्हणजे सत्तर. पाच ईसा झाले की शंभर. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण शेण्यांचा हिशेब एकदाही चुकला नाही. हात-पायांची बोटं मिळून एक ईस, मग जमिनीवर एक खडा ठेवायचा. आता वाटतं, तो खडा म्हणजे स्थानिक किंमतच होती की.

---

निवृत्त_गुरुजी

वा, आजींना नमस्कार. मी तिसरीत होतो त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. त्याआधी बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ३ रुपये ९ आणे ८ पै आणि २ रुपये १० आणे ७ पै यांची बेरीज करा पाहू. पै झाल्या पंधरा, म्हणजे एक आणा तीन पै. आणे नऊ, दहा आणि हातचा एक मिळून वीस, म्हणजे एक रुपया चार आणे. उत्तर ६ रुपये ४ आणे ३ पै. प्रत्येक घरात हातचा वेगळ्या आकड्यावर. तुम्हाला आता नुसतं दहावर थांबायचंय, किती सोपं झालंय!

मुद्दा असा की त्या बेरजेत हातचा एक म्हणजे नुसता एक म्हणून चालतच नसे. एक आणा की एक रुपया, हे तोंडाने म्हणावं लागे. तेच आज करा. "हातचा एक" असं अर्धवट म्हणू देऊ नका, "हातचा एक दशक" म्हणायला लावा. खर्च शून्य.

---

चाळीसगावकर

थोडं विषयांतर, पण खान्देशचा धागा आहे आणि कोणी पाटण्याचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. चाळीसगावपासून जवळच पाटणादेवीच्या परिसरात १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. त्या मठाला बाजारातल्या मालावरचं कोणतं उत्पन्न लावून दिलं तेही त्यात आहे, आणि तो भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे आपल्या भागात गणित शिकवण्यासाठी लोकांनी बाजाराच्या उत्पन्नातून सोय केली होती, आठशे वर्षांपूर्वी.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीच्या सुरुवातीच्या भागात स्थानांची नावं आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, असं करत परार्धापर्यंत अठरा स्थानं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. आमच्या शाळेची सहल गेली तेव्हा मुलांना ही अठरा नावं म्हणून दाखवली. एका पोराने विचारलं, "सर, परार्धाच्या पुढे गठ्ठा बांधायचा का नाही?" प्रत्येक नाव म्हणजे दहाचा आणखी एक गठ्ठा, हे त्याला कळलं होतं.

---

तापीकाठ

त्या पोराला आमच्याकडून पेढे.

---

बाजारपेठ_शहादा

किराणा दुकान आहे माझं. आठवडे बाजाराच्या दिवशी भिल्ल-पावरा पोरं आईबापाबरोबर हिशेबाला उभी असतात, शाळेत नापास म्हणून सांगतात, पण सुटे पैसे परत घेताना एक रुपया सोडत नाहीत. सत्तावीसचा माल, बावन्न दिले. ते वजाबाकी करतच नाहीत. सत्तावीसला तीन तीस, तीसला वीस पन्नास, वर दोन. तीन, वीस, दोन: पंचवीस. तोंडी, दोन सेकंदात. शाळेत ही रीत चालते का? की उभी मांडणी केली तरच मार्क?

---

अक्राणीचा_वाटसरू

चालायलाच हवी. मी आधी तीच घेतो. उदाहरण आडवं लिहितो आणि "तुझ्या मनाने कर" म्हणतो. कोणी पुढे मोजत जातं, कोणी ५२ मधून आधी २० काढतं, मग ७. उभी मांडणी या सगळ्यानंतर. आधीच उभी मांडणी दिली की मूल ५२ आणि २७ बघायचं सोडून सुटे आकडे बघायला लागतं. मग ५२ − २७ = ३५ येतं, कारण सातातून दोन काढणं सोपं. ज्याला बाजारात पंचवीस येतात त्याच पोराला वहीत पस्तीस येतात, आणि त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. वही आणि बाजार यांचा संबंधच लागलेला नसतो.

---

चौथीच्या_बाई_यावल

याचं पुढचं फळ मी चौथीत बघते. ८१६ ÷ ८ = १२. दर वर्षी, हमखास. आठाला एक, मग १ ला भाग जात नाही म्हणून ६ उतरवला, सोळाला दोन, झालं बारा. मधलं शून्य गायब. "शून्य द्यायचं विसरू नका" हे वर्षभर ओरडून सांगितलं तरी उपयोग होत नाही.

आता खेळातल्या नोटा देते. शंभराच्या आठ, दहाची एक, एकाच्या सहा. आठ मुलं उभी करते. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला. दहाची नोट एकच आहे, आठ जणांना कशी देणार? कोणालाच नाही मिळाली. मग फळ्यावर दशकाच्या घरात काय लिहायचं, हे मुलंच सांगतात. ती नोट मोडून सोळा सुटे, प्रत्येकी दोन. १०२. आणि मी आधीच विचारून ठेवते, आठशे रुपये आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला अंदाजे किती? शंभर म्हणाली की बारा उत्तर त्यांना स्वतःलाच खटकतं.

पण एक सांगते, नोटा पहिलीत देऊ नका. दहाच्या नोटेत दहा दिसत नाहीत, ते मानायला लागतात. गठ्ठा सोडता येतो, नोट मोडून आणायला लागते. आधी काड्या, मग नोटा, हा क्रम मी बदलत नाही.

---

सातपुडा_मास्तर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पारोळ्याच्या ताई, सोळा चिंचोक्यांचं करून बघितलं. तिसरीतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी १ साठी एकच चिंचोका उचलला. चौथीतल्याही काहींनी. गुरुजींचं "हातचा एक दशक" आजपासून सुरू. पण माझा मूळ प्रश्न अजून उभा आहे: काढायच्या कधी, आणि कशावरून?

---

पारोळ्याची_लेक

हो, बोलण्याच्या ओघात राहूनच गेलं. मी काड्या काढत नाही, झाकते. ५२ काड्या मुलासमोर ठेवायच्या, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि वर रुमाल टाकायचा. आता विचारायचं, सत्तावीस काढायच्यात, तू रुमालाखाली काय काय करशील ते आधी सांग. "एक गठ्ठा सोडीन, बारा सुट्या होतील, सात काढीन, पाच उरतील, चार गठ्ठ्यांतले दोन काढीन." एवढं न बघता सांगितलं की रुमाल उचलून त्याने स्वतः पडताळायचं. अडखळलं तर रुमाल बाजूला आणि हाताने करू दे. काही मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच न बघता सांगतात, काहींना महिने लागतात.

झाकण्याच्या आधी एक मधली पायरी असते, चित्राची. गठ्ठ्याला उभी दांडी, सुट्या काडीला ठिपका. दांडी खोडायची आणि दहा ठिपके काढायचे. ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने हाच क्रम सांगितलाय, आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने. चित्र सोडून थेट आकड्यांवर उडी मारली की तुमच्या मुलीसारखी एक उभी रेघ उरते.

जे मूल रुमालावरून बरोबर बोलतं ते काड्या स्वतःच मागायचं थांबतं. आपण काढून घ्यायची वेळ येत नाही.

---

जळगावकर_अभि

हे रुमालाचं मला पटलं. पोरीवर आज रात्री करून बघतो. पाढेही म्हणून घेणार, ते सांगून ठेवतो.

---

सातपुडा_मास्तर (धागाकर्ता)

आणि शेकडा? ४०० − १५६ ला काय करता? माझ्याकडे मुलं दोन शून्यं बघूनच पेन खाली ठेवतात.

---

निवृत्त_गुरुजी

आमच्या रीतीने हे फार सोपं जातं. दहातून सहा गेले चार, हातचा एक. पाच आणि एक सहा, दहातून सहा गेले चार, हातचा एक. एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. २४४. पण मघाशी म्हटलं तसं, कारण कळल्यावरच.

---

अक्राणीचा_वाटसरू

सर, शंभराचा गठ्ठा एकदा तरी खराखुरा बांधा. दहा गठ्ठे एकत्र, वरून सुतळी. मुलांनीच बांधायचा. आम्ही चार बांधले, ते कपाटावर कायम दिसतात. ४०० − १५६ ला एक मोठा गठ्ठा खाली काढतो. सुतळी सोडली की दहा छोटे गठ्ठे. एकक अजून एकही नाही, म्हणून त्यातला एक छोटा गठ्ठा सोडायचा. आता मुलांना मोजून सांगायला लावा काय काय आहे: तीन मोठे, नऊ छोटे, दहा सुट्या. हे तिन्ही आकडे त्यांनी आधी चारशेच्या डोक्यावर लिहायचे, ३, ९, १०, आणि मिळून चारशेच होतात का ते तपासायचं. वजाबाकीला हात त्यानंतर लावायचा. नऊ कुठून आला हा प्रश्न आमच्याकडे आता कोणी विचारत नाही, कारण तो त्यांच्यासमोर जमिनीवर पडलेला असतो.

दोनदा-तीनदा खऱ्या काड्यांनी झालं की पुढे नोटा घ्या. हजारासाठी काड्या जमवायच्या असतील तर पूर्ण शाळेला एक आठवडा लावा, शनिवारी सगळे मिळून बांधा. आमचा हजाराचा गठ्ठा दोन पोरांना मिळून उचलायला लागतो.

---

केळीवाला_रावेर

मास्तर, सुतळी लागली तर सांगा. केळी बांधायची पडलेली असते आमच्याकडे, चोपड्याला पोहोचती करतो.